डावीकडे बघणारी माणसं

प्रदर्शन लागायच्या आधी हॉलला जी अवकळा आलेली असते ती मला प्रदर्शनापेक्षा जास्त आवडते. जमिनीवर पसरलेली वर्तमानपत्रं, ओल्या रंगाचा वास, कोपऱ्यात शिडी, आणि भिंतींना पाठ लावून खाली ओळीने ठेवलेले फोटो. वर्गाबाहेर काढलेल्या मुलांसारखे ते उभे असतात. आपण काय केलंय हे त्यांना माहीत असतं, शिक्षा किती एवढंच कळायचं बाकी असतं.

त्या सकाळी तिथे माझे फोटो उभे होते. सगळ्या कारकिर्दीतले निवडक. 'कारकीर्द' हा शब्द संयोजक बाईंचा. मी तो वापरत नाही, पण कोणी वापरला तर अडवतही नाही.

मी डॉक्युमेंटरी फोटोग्राफर आहे. म्हणजे लग्नाचे फोटो काढत नाही, एवढंच आमच्या नातेवाइकांना त्यातलं कळलेलं आहे. एक आत्या तर शेवटपर्यंत मला "मग, लागलं का कुठे काही?" असं विचारायची, आणि माझ्यावर छापून आलेला लेख दाखवला की तो पूर्ण वाचून "हो, पण काम?" म्हणायची. बंद पडणारे कारखाने, पूर ओसरल्यानंतरची घरं, इस्पितळांच्या मागच्या बाजू. माणसांचं जिथे काहीतरी बिनसलेलं असतं तिथे मी जातो. एकटा जातो आणि कोणालाही न विचारता फोटो काढतो. ही माझी पद्धत. विचारलं की माणूस केसांवरून हात फिरवतो, पोट आत घेतो आणि फोटो मरतो, हे मी विद्यार्थ्यांच्या कैक पिढ्यांना शिकवलं आहे. एका समीक्षकाने लिहिलं होतं की या माणसांना कॅमेऱ्याचं भानच नाही, छायाचित्रकार जणू तिथे नसतोच. ते मला इतकं आवडलं की पुढे भाषणांत मी स्वतःच म्हणू लागलो, "मी तिथे नसतोच." टाळ्या पडायच्या. समीक्षकाचं नाव घ्यायचं राहून जायचं.

घरच्यांच्या बाबतीतही ते वाक्य खरं होतं, पण तिथे टाळ्या पडत नसत.

हॉलमधली एक भिंत रिकामी होती. दारातून आत आलं की समोर दिसते ती. बाईंना तिथे घर हवं होतं. जगभरच्या दुःखाचे फोटो काढणाऱ्या माणसाने स्वतःच्या घरात कधी कॅमेरा उघडला की नाही, हे लोकांना बघायला आवडतं, असं त्यांचं म्हणणं. मी हो म्हणालो आणि मग आठवलं की माझ्याकडे माझ्या मुलीचा एकही फोटो नाही. म्हणजे आहेत भरपूर. शाळेच्या फोटोवाल्याने काढलेले आहेत, मावशीने काढलेले आहेत, एक तर शेजारच्यांच्या कुत्र्याचा आहे ज्यात ती मागे अर्धी आली आहे. मी काढलेला नाही. 'घर हा माझा विषय नाही,' असं मी एका मुलाखतीत बाणेदारपणे सांगितलं होतं. मुलगी तेव्हा वाचायला शिकलेली होती.

आता ती नोकरीसाठी दूरच्या शहरात कायमची जाणार होती आणि तिचं सामान बांधायला त्याच आठवड्यात घरी येणार होती. मला तिचा एक फोटो हवा होता, ज्यात ती माझ्याकडे बघत असेल. भिंतीसाठी हवाय, असं मी बाईंना सांगितलं. बायकोलाही तेच सांगितलं. ती म्हणाली, कशी दिसते ते आठवतंय ना, नाहीतर वर्णन लिहून देते.

तर त्या सकाळी बाई खाली बसून फोटोंच्या उंच्या जुळवत होत्या. बाई तोंडाच्या फटकळ, चष्मा कायम केसांत खोचलेला, आणि सापडत नाही म्हणून कायम शोधत असलेल्या. तुमच्या फोटोंपुढे आलं की मला कोणी भावच देत नाही, अशी त्यांची तक्रार चालली होती. फोटोतली सगळी माझ्या शेजारच्याशी बोलायला आल्यासारखी दिसतात. मग त्या उठल्या. ओळीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेल्या, परत आल्या.

"तुमचा असिस्टंट कोण होता हो?"

मी म्हणालो, कधीच कोणी नव्हता. तीच तर माझी ख्याती.

"मग ही सगळी कोणाकडे बघतायत?"

माझे लोक कॅमेऱ्यात बघत नाहीत याचंच तर आजवर कौतुक झालं होतं. पण कॅमेऱ्यात न बघायचं म्हटलं तर बघायला बाकी सगळं जग मोकळं असतं. ही माणसं त्या सगळ्या जगातून एकाच ठिकाणी बघत होती. फोटोसमोर उभं राहिलं तर आपल्या डाव्या हाताला, जरा खाली. कारखान्याच्या फाटकातला पहारेकरी तिथेच बघत होता, चिखलातून शिलाई मशीन काढणारा शिंपी तिथेच, परीक्षेत नापास झालेला टेलिफोन ऑपरेटर तिथेच. गर्दीच्या फोटोतही एक तरी चेहरा तिकडे वळलेला होता.

मी हुशार माणूस आहे, त्यामुळे कारण लगेच सापडलं. मी उजव्या डोळ्याने बघतो. कॅमेरा उजव्या डोळ्याला लावला की अर्धा चेहरा कॅमेऱ्याच्या डावीकडे उघडा राहतो. लोक यंत्राकडे बघत नाहीत, चेहऱ्याकडे बघतात. बाईंनी मान डोलावली. मग त्यांनी एक स्टूल आणलं, मी जिथून फोटो काढत असेन तिथे मला उभं केलं, आणि माझ्या डावीकडे, हात लांब केला तर पोचेल इतक्या अंतरावर ते ठेवून त्यावर बसल्या.

"आता बघा. सगळी माझ्याकडे," त्या म्हणाल्या आणि हसल्या. हसू तसंच ठेवून त्यांनी एकेका फोटोकडे पाहिलं. मग जरा घाईनेच उठल्या आणि स्टूल नेऊन शिडीमागे ठेवलं.

त्यानंतर दिवसभर त्या माझ्या उजव्या बाजूने चालत होत्या. हे घरी येताना माझ्या लक्षात आलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी जुन्या कॉन्टॅक्ट शीट काढून बसलो. पूर्वी एका रोलमधले सगळे फोटो एकाच कागदावर नखाएवढे छापून घ्यायचो आणि भिंगातून बघून त्यातला एक निवडायचो. निवडलेल्याभोवती लाल पेन्सिलीचा चौकोन असायचा. बाकीच्यांकडे पुन्हा कोणी बघायचं नाही. मी बघितलं.

पहिल्या एक-दोन फोटोंत माणूस माझ्याकडे बघत असे. स्वच्छ, सरळ आणि रागाने. हा कोण उपटसुंभ, असं. पुढच्यात त्याची नजर डावीकडे सरकलेली असे, कोणी हाक मारल्यावर सरकते तशी. त्याच्या पुढच्यात तो ऐकत असे. आणि मग त्याच्या चेहऱ्यावर ते यायचं ज्याला समीक्षक कधी प्रतिष्ठा म्हणाले, कधी मूक वेदना. लाल चौकोन बरोबर त्याच्यावर असायचा. प्रत्येक वेळी. मी न चुकता तोच क्षण उचलला होता.

भिंगातून ते बराच वेळ बघत राहिल्यावर मला तो भाव कुठे बघितलाय ते आठवलं. पाहुणा जेवताना काहीतरी लाजिरवाणं बोलून जातो. यजमान त्याला काही म्हणत नाही, पाहुण्याच्या बायकोकडे बघतो. तिची दया येऊन. तो भाव.

एका फोटोत कपड्यांच्या दुकानाची काच होती. आत एक माणूस पुतळ्याला कोट चढवत होता, आणि काचेत रस्त्याचं प्रतिबिंब पडलं होतं. ऑफिसं सुटायची वेळ, फुटपाथ तुडुंब. मधोमध कॅमेरा लावलेला मी. माझ्या उजव्या खांद्याला लोक घासून चालले होते. डाव्या बाजूला एका माणसाएवढी जागा मोकळी होती. तिथे काहीच नव्हतं, पण लोक तिला वळसा घालून जात होते. एकाने तर जाता जाता त्या जागेकडे बघून मान लववली होती.

मी शीट पुन्हा पाकिटात घातल्या. हात धुतले. हात घाण झालेले नव्हते.

इस्पितळाच्या धुलाईघरातली ती बाई हा माझा सगळ्यात गाजलेला फोटो. ओली चादर पिळता पिळता ती बाजूला बघते आहे. माझ्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर तीच आहे. तिच्यात कोणालातरी अख्ख्या श्रमिक वर्गाचं मौन दिसलं होतं. इतक्या वर्षांत मी तिला शोधलं नव्हतं. शोधायचं म्हटल्यावर ती एका सकाळीत सापडली. धुलाईघर बंद झाल्यावर इस्पितळाच्याच मागच्या गल्लीत तिने इस्त्रीचं दुकान टाकलं होतं.

मी दारात उभा राहिलो आणि तिने मला ओळखलं. मला नाही, मी उभा राहतो त्या पद्धतीला ओळखलं असावं. आतून दोन स्टुलं काढून तिने फडक्याने पुसली आणि शेजारीशेजारी ठेवली.

"बसा," ती म्हणाली. मग पुन्हा, "आता तरी बसा."

मी उजवीकडच्या स्टुलावर बसलो. दुसरं तिचं असेल असं मला वाटलं, पण ती बसली नाही. इस्त्री करत उभीच राहिली. मी इकडचं तिकडचं बोललो, मुखपृष्ठाबद्दल सांगितलं. तिला पुस्तक माहीत नव्हतं. मी ते न्यायला विसरलो होतो, किंवा न्यावं असं मला सुचलं नव्हतं. शेवटी विचारलं, त्या दिवशी तुम्ही कोणाकडे बघत होता?

"कोणाकडे म्हणजे? तुमच्याबरोबरच्यांकडे."

मी म्हणालो, मी एकटा होतो.

तिने इस्त्री उभी केली. "तुम्ही तर ते यंत्र डोळ्याला लावून बसला होता. तोंडातून शब्द नाही. विचारलं ते यांनीच."

"काय विचारलं?"

"काढला तर चालेल का म्हणून. वाकून विचारलं. म्हणाले, तो काही विचारणार नाही, त्याच्या वतीने मी विचारतो, राग मानू नका." तिने एक उशीचा अभ्रा झटकला, टेबलावर पसरला. "खरं सांगू, मला नको होता फोटो. माझी धाकटी बहीण तिथेच होती, वरच्या मजल्यावर. तिच्याच वॉर्डाच्या चादरी धूत होते मी. पण एवढा मोठा माणूस असा अवघडून उभा राहिलेला बघवेना. मलाच लाज वाटली. म्हटलं, जाऊ दे, काढू देत."

अख्ख्या श्रमिक वर्गाचं मौन ते एवढंच होतं.

मी तिला विचारलं की तो दिसायला कसा आहे. तिने माझ्या शेजारच्या स्टुलाकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि ती अवघडली. नवरा-बायको आपल्यासमोर भांडायला लागले की माणूस अवघडतो तशी.

"हे मला कशाला विचारता," ती हळू आवाजात म्हणाली. "तुमचं तुम्ही बघा."

परत येताना मी रस्त्याच्या कडेने चालत होतो. डावीकडे बघायचा धीर होत नव्हता, मग झाला. एक सायकल होती, भिंत होती, फाटलेली जाहिरात होती. हे मला स्पष्ट सांगितलं पाहिजे, कारण नसलेलं काही दाखवायचं नाही हा माझ्या धंद्याचा नियम आहे. मी डावीकडे त्यानंतर पुष्कळदा बघितलं. तिथे कधीच काही नव्हतं.

बायको शाळेत गणित शिकवते. बिनबुडाच्या गोष्टी तिच्यापुढे टिकत नाहीत, म्हणून मी तिला सगळं सांगितलं. ती वाळलेले कपडे घड्या करत होती. हसेल असं वाटलं होतं. माझा शर्ट तिने बाह्या मागे दुमडून नीट घडी केला, बाकीच्यांवर ठेवला आणि म्हणाली, "मला वाटलं तुला माहीत आहे."

मग तिने जे सांगितलं ते असं. मी दौऱ्यावरून आलो की बॅग ठेवून थेट डार्करूममध्ये जायचो. पोरगी संध्याकाळभर जिन्यातल्या पायरीवर बसून राहायची. पहिल्यांदा रडायची. नंतर नंतर तिथून बोलणं ऐकू यायचं. बायकोने कोणाला बघितलं नाही. ती फक्त पोरीचं ऐकायची. हो. बरं. राहू दे. उद्या आला तरी चालेल. असं.

"आणि तू काही विचारलं नाहीस?"

"पोरगी रडायची थांबत होती," बायको म्हणाली. "विचारून ते बंद पाडू?"

तिने कपड्यांचा ढीग उचलला आणि आत गेली. दारातून जाताना ती किंचित उजवीकडून गेली. किंवा मला तसं वाटलं. मला आता सगळंच तसं वाटत होतं.

मी एक गोष्ट ठरवली. मुलीला मी स्वतः विचारायचं. साधी गोष्ट आहे, माणसं रोज एकमेकांना विचारतात. मी विचारायचं, तिने माझ्याकडे बघून हो म्हणायचं, आणि त्या क्षणी मी फोटो काढायचा. मधल्या कोणाची गरजच उरायची नाही.

ती आली त्या दिवशी दुपारी तिची खोली अर्धी खोक्यांत गेली होती. गादीवरची चादर काढलेली, खिडकीचा पडदा काढलेला, त्यामुळे उजेड सगळीकडे सारखा. ती गादीवर मांडी घालून बसली होती आणि एकेक कप वर्तमानपत्रात गुंडाळत होती. मी सवयीने दोन कॅमेरे घेऊन गेलो होतो. एक खांद्यावरून काढून दाराजवळच्या खुर्चीवर ठेवला. खुर्ची माझ्या डावीकडे होती, हे मी मुद्दाम सांगतो. लेन्सवर टोपी होती, हेही. मीच लावली होती.

"काढू का?" मी विचारलं.

आयुष्यात पहिल्यांदा विचारत होतो.

तिने वर बघितलं नाही. "नको, बाबा," ती म्हणाली. रागाने नाही. दारावर आलेल्या विक्रेत्याला म्हणतात तसं, त्याचा दिवस वाईट जाऊ नये म्हणून जरा मऊ.

इथे मी थांबायला हवं होतं. मी म्हणालो, बरं, नुसता उजेड बघतो, आणि कॅमेरा डोळ्याला लावला. उजेड बघतो असं म्हणून मी लोकांचे किती फोटो काढले असतील याची गणती नाही.

तिचे हात थांबले.

तिने मान वर केली. माझ्याकडे नाही.

डावीकडे, जरा खाली.

ती ऐकत होती. कोणीतरी बोलत असताना मधे बोलू नये म्हणून माणूस ओठ मिटून ऐकतो तशी. मला काही ऐकू येत नव्हतं. खाली रस्त्यावर कोणीतरी ट्रक मागे घेत होतं, तेवढंच.

तिचा चेहरा बदलला. ती हसली. असं हसणं मी तिच्या तोंडावर कधी बघितलेलं नव्हतं, आणि ते नवीनही नव्हतं. वापरातलं होतं. तिने कपाळावरचे केस मागे सारले आणि मानेनेच हो म्हटलं.

मी बटण दाबलं.

माझ्या कॅमेऱ्याचा आवाज मी झोपेतही ओळखेन. त्याच्या मागोमाग आणखी एक आवाज झाला. तसाच. डावीकडून.

मुलगी पुन्हा कप गुंडाळायला लागली होती.

माझ्या हातातल्या कॅमेऱ्यात जे आलं ते मला बघायच्या आधीच माहीत होतं. मुलगी बाजूला बघते आहे. उत्तम फोटो, बाकीच्यांसारखाच.

खुर्चीवरच्या कॅमेऱ्याची टोपी जागेवर होती. आत एक फोटो होता.

त्यात मुलगी सरळ लेन्समध्ये बघते आहे आणि हसते आहे. गादीवरचे कप, खिडकी, उजेड, सगळं आपापल्या जागी. उजव्या कडेला काहीतरी काळं, धूसर आत घुसलं आहे. नीट बघितलं तर कोपर आहे. बाही दुमडलेली, हात वर उचललेला, हातात कॅमेरा. माझा हात. फोटो काढणारा माझ्या शेजारी, जरा वाकून उभा असणार. खुर्ची त्या उंचीची नाही. मी मोजलं.

आजवरच्या माझ्या सगळ्या फोटोंत तो सगळ्यात चांगला आहे.

मी तो रिकाम्या भिंतीवर लावला.

बाईंनी फोटो बघितला आणि त्यांचा फटकळपणा गेला. मग विचारलं, मुलीने बघितलाय ना, तिची हरकत नाही ना? मी म्हणालो, नाही. भिंतीवर लावू का, हे तिला मी विचारलंच नव्हतं. फोटोखालच्या पट्टीवर कोणाचं नाव, हे त्यांनी विचारलं नाही. त्यात विचारण्यासारखं काय होतं? कॅमेरा माझा होता, घर माझं होतं. मुलगीही. पट्टी मी स्वतःच्या हाताने चिकटवली, आणि वाकडी लागली म्हणून काढून पुन्हा सरळ लावली.

उद्घाटनाला गर्दी झाली. माणसं दारातून आत यायची, समोरचा फोटो बघायची आणि त्यांचा आवाज खाली यायचा. तो समीक्षक आला होता, आता म्हातारा झालेला. माझा हात हातात घेऊन म्हणाला की इतक्या वर्षांत या एका फोटोत तुम्ही आहात. मी मान खाली घातली. लोकांना तो विनय वाटला.

मुलगी स्टेशनवर जाता जाता आली. बायको बाहेर टॅक्सीत बसून होती. मुलीच्या हातात बॅग, पायात प्रवासाचे बूट. ती फोटोसमोर थांबली. तिला तो बघून आनंद झाला, हे मी बाजूने बघितलं. मग ती पुढे झुकली आणि खालची पट्टी वाचली.

ती सरळ झाली.

वळली आणि माझ्याकडे बघितलं. माझ्याकडे. डोळ्यांत डोळे घालून, इकडेतिकडे नाही. जे मला इतके दिवस हवं होतं ते समोर होतं, माझे हात रिकामे होते आणि मला ते सोसवेना.

मी डावीकडे बघितलं.

तिथे एक भिंत होती.

माफी मागायला हवी होती. त्यासाठी शब्द असतात, लहान मुलांनाही येतात. मी तोंड उघडलं. सवय नव्हती, त्यामुळे नुसताच श्वास आला.

"राहू दे, बाबा," ती म्हणाली. "त्यांनी मागितली."

तिने बॅग एका हातातून दुसऱ्या हातात घेतली आणि गर्दीतून वाट काढत निघाली. हॉलचं दार काचेचं आहे, जड, आपोआप मिटणारं. तिने ते ढकललं, बाहेर गेली, आणि मागे वळून धरून ठेवलं. दारात कोणी नव्हतं. उंच माणूस जवळून जाताना आपण करतो तशी तिने मान जरा वर केली, आणि मग दार सोडलं.